क्रॉफर्ड प्रकरणांतील मामलेदार

क्रॉफर्ड हें नांव मुंबईकरांच्या तोंडीं अद्याप आहे तें मंडईमुळें. तिला आतां महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणतात. तरी भाजी घ्यावयास निघालेला मनुष्य बहुधा जुन्याच नांवाचा उच्चार करतो. ज्या गृहस्थाच्या नांवानें ती ओळखली गेली तो आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड १८६५ पासून १८७१ पर्यंत मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. शहरांतील घाण काढणें, रस्ते रुंद करणें, मंडई बांधणें हीं कामें त्यानें मोठ्या धडाडीनें केलीं, आणि तितक्याच धडाडीनें करदात्यांचा पैसा उधळला. त्याच्या कर्तबगारीविषयीं त्या वेळींही दुमत नव्हतें. दुमत होतें तें हिशेबाविषयीं. १८७१ च्या वादांत फेरोजशहा मेहतांसारख्या तरुण बॅरिस्टरानें त्याची बाजू घेतली होती, एवढें सांगितलें म्हणजे त्याची छाप किती पडत असे हें ध्यानांत येईल.

सतरा वर्षांनंतर, म्हणजे १८८८ सालीं, हाच गृहस्थ पुण्यास मध्य भागाचा कमिशनर होता. पुणें, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश एवढा मुलूख त्याच्या हाताखालीं. आणि ह्या मुलखांतील मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या ह्यांच्या दोऱ्या बव्हंशीं त्याच्याच हातीं. मामलेदार म्हणजे त्या काळीं तालुक्याचा राजाच. सारावसुली त्याजकडे, फौजदारी खटले त्याजकडे, आणि १८७६ च्या मामलेदार कोर्टांच्या कायद्यानें जमिनीच्या ताब्याचे तंटेही त्याजकडे. अशा मनुष्याला कमिशनरानें मनांत आणल्यास मुलांच्या शाळेपासून व वडिलार्जित घरापासून दूर, एखाद्या हिंवतापाच्या तालुक्यांत धाडतां येत असे, आणि कारण विचारण्याची सोय नसे. क्रॉफर्ड कर्जांत गळ्यापर्यंत बुडाला होता. त्याचें देणें भागविण्यास ह्या बदल्यांचा उपयोग होऊं लागला. हणमंतराव जहागीरदार नांवाचा मध्यस्थ मामलेदारांशीं बोलणें करी, रकमा ठरवी, आणि ज्याची रक्कम पोंचे त्याची बदली थांबे किंवा बढती होई, अशी वदंता पुण्यांत बरींच वर्षें होती. वदंता सर्वांना ठाऊक असते. पुरावा मात्र कोणाजवळच नसतो.

पुरावा नव्हता ह्याचें कारण उघड आहे. लांचेचा व्यवहार दोघांत होतो, आणि दोघेही गुन्हेगार असतात. लॉर्ड रे ह्या गव्हर्नराच्या सरकारनें जेव्हां ह्या प्रकरणाचा छडा लावण्याचें ठरविलें, तेव्हां ओमनी ह्या पोलिस अधिकाऱ्यापुढें हीच अडचण उभी राहिली. ज्यांनीं पैसे दिले ते बोलल्याशिवाय कांहींच सिद्ध होणार नाहीं. आणि ते बोलले तर स्वतःच्याच तोंडानें स्वतःचा गुन्हा कबूल करणार. तेव्हां सरकारनें त्यांना वचन दिलें : खरें सांगा, तुमच्यावर खटला होणार नाहीं आणि तुमची नोकरी जाणार नाहीं. ह्या वचनावर विसंबून मामलेदार पुढें आले. आधीं हणमंतरावावर खटला होऊन त्याला कैदेची शिक्षा झाली. क्रॉफर्डच्या चौकशीसाठीं १८५० च्या ३७ व्या कायद्याअन्वयें कमिशन नेमण्यांत आलें. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति विल्सन हे त्याचे प्रमुख होते; क्विंटन व क्रॉस्थवेट हे दुसरे दोन सभासद. (ह्यांतील क्विंटन हा पुढें १८९१ त मणिपुरांत मारला गेला, व त्याच कारणानें इतिहासांत राहिला.) १८८८ च्या अखेरीस पुण्यांत कमिशनचें काम चाललें, तेव्हां मामलेदारांमागून मामलेदार येऊन आपण किती रुपये, कोणामार्फत व कशासाठीं दिले हें शपथेवर सांगूं लागले.

कमिशननें काय ठरविलें ? लांचेचा आरोप सिद्ध होत नाहीं. मात्र आपल्या हद्दींतील लोकांपासून कर्ज काढून क्रॉफर्डनें नियम मोडले. मुंबई सरकारला हा निर्णय पटला नाहीं. शेवटीं स्टेट सेक्रेटरी लॉर्ड क्रॉस ह्यांनीं क्रॉफर्डला नोकरींतून दूर केलें, पण लांचखाऊपणाचा शिक्का त्याजवर बसला नाहीं. आणि मग जी विलक्षण परिस्थिति उत्पन्न झाली ती अशी कीं, घेणारा लांचेच्या आरोपांतून मोकळा, आणि देणारे मात्र आपल्याच कबुलीनें दोषी ! जणूं कांहीं पैसे मामलेदारांच्या हातून निघून वाटेंतच कोठें तरी विरून गेले.

ह्या कबुलीचें आतां काय करावयाचें ? अँग्लो-इंडियन पत्रांतून ओरड सुरू झाली, आणि तिचे पडसाद पार्लमेंटांत उठले. ज्यांनीं आपल्या जागा पैसे देऊन मिळविल्या किंवा राखल्या, ते अजून मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर बसतात हें कसें ? ह्या ओरडींत क्रॉफर्डच्या मित्रांचा राग पुष्कळसा मिसळलेला होता हें खरें. तथापि प्रश्न रागावून विचारला म्हणून खोटा ठरत नाहीं. शिवाय त्याला कायद्याचा भक्कम आधार होता, आणि तो आधार थेट इंग्लंडांतून आलेला होता.

इंग्लंडांत सरकारी जागांचा बाजार फार जुना. न्यायाशीं व महसुलाशीं संबंध असलेली जागा विकणारा व विकत घेणारा दोघेही त्या जागेस अपात्र होत, असा कायदा सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, सोळाव्या शतकाच्या मध्यास झाला. पुढें १८०९ सालीं एक मोठें लफडें बाहेर आलें. राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क हा सेनापति; मेरी अ‍ॅन क्लार्क ही त्याची ठेवलेली बाई. ह्या बाईनें लष्करांतील बढत्या मिळवून देण्याचा धंदा मांडला होता असें उघडकीस येऊन पार्लमेंटांत तिची जबानी झाली, आणि ड्यूकला सेनापतिपद सोडावें लागलें. त्याच वर्षीं जुना कायदा वाढवून तो वसाहतींतील व ईस्ट इंडिया कंपनीच्या जागांनाही लावण्यांत आला. लंडनांतील एका बाईच्या उद्योगासाठीं केलेला हा कायदा ऐंशीं वर्षांनीं महाराष्ट्रांतील मामलेदारांच्या मानेवर येऊन बसला ! एक गोष्ट मात्र येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जागा विकत घेणारा अपात्र होतो असें म्हणणाऱ्या त्या जुन्या कायद्यानेंच अशीही तजवीज केली होती कीं, त्याला काढून टाकीपर्यंत त्यानें अधिकाराच्या नात्यानें जें केलें तें कायम समजावें. मामलेदाराची खुर्ची डळमळली तरी त्यानें दिलेले निकाल डळमळूं नयेत, हें धोरण त्यांत आहे. आणि ह्याकडे पुढें पुन्हा यावें लागेल.

मामलेदारांच्या बाजूनें पुण्यांत जो आवाज उठला त्यांत प्रमुख आवाज टिळकांचा. १८८७ पासून ते ‘केसरी’चे संपादक होते, वय तेहेतीस, आणि सार्वजनिक राजकारणांत त्यांनीं पुरतें पाऊल टाकलें तें ह्याच प्रकरणांत असें म्हणावयास हरकत नाहीं. सप्टेंबर १८८९ मध्यें पुण्यांत मामलेदारांच्या बाजूनें जाहीर सभा भरली. टिळकपक्षाचा मुद्दा साधा होता. लांच देणें चांगलें असें कोणीच म्हणत नव्हतें. परंतु सरकारनें वचन दिलें. त्या वचनाच्या बळावर जबान्या घेतल्या. त्या जबान्यांचा उपयोग एका बड्या अधिकाऱ्याविरुद्ध केला. आणि काम होतांच वचन मोडावयाचें, ह्याला न्याय म्हणावयाचें कीं काय? पुढें कोणता साक्षीदार सरकारवर विश्वास ठेवील ?

सरकारनें अखेर काढलेली तोड ही : ज्यांच्यापासून पैसे छळून, धमकावून काढले ते एका बाजूला, ज्यांनीं आपण होऊन, बढतीच्या आशेनें दिले ते दुसऱ्या बाजूला. पहिले राहावेत, दुसरे जावेत. आणि साक्षीदारांवर कोणीं दिवाणी वा फौजदारी दावे आणूं नयेत म्हणून १८८९ मध्येंच हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळानें खास कायदा करून त्यांना संरक्षण दिलें. लॉर्ड रे ह्यांनीं आपल्या वचनाची राखतां येईल तितकी बूज राखली हें त्यांच्या बाबतींत नमूद केलें पाहिजे.

ही विभागणी कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षांत ती किती ठिसूळ असेल ह्याचा विचार करावा. ज्याची बदली खानदेशच्या टोकाला होऊं घातली आहे आणि ज्यानें ती टाळण्यासाठीं पैसे दिले, तो छळलेला. पण शेजारच्या तालुक्यांतील मामलेदारानें पाहिलें कीं, ज्यानें दिले नाहींत त्याची बदली झाली, म्हणून त्यानें मागणी येण्यापूर्वींच दिले, तो आपखुषीचा. दोघांच्या मनांतील भीति एकच, फरक एवढाच कीं दुसरा थोडा अधिक शहाणा होता. आणि ह्या साऱ्या गोंधळांत दोन प्रकारच्या माणसांची आठवण फारशी कोणालाच राहिली नाहीं असें मला वाटतें. एक, ज्या कारकुनानें किंवा मामलेदारानें एक पैही दिली नाहीं, आणि म्हणून ज्याची बढती दुसऱ्यानें नेली तो. दुसरा, तालुक्याचा रयत. कारण वर दिलेले पैसे खालून वसूल करण्याचा मोह प्रत्येकाला आवरला असेल असें मानण्याइतके आपण भोळे नाहीं. वचनभंगाची चर्चा पुण्याच्या सभेंत झाली, पावित्र्यभंगाची पार्लमेंटांत झाली. ह्या दोघांच्या वतीनें बोलणारें कोणी नव्हतें.

आतां सहज मनांत येतें कीं, काढून टाकलेल्या मामलेदारानें हायकोर्टांत जाऊन दाद कां मागितली नाहीं ? उत्तर असें कीं, तसें कोर्टच नव्हतें. म्हणजे कोर्ट होतें, पण त्याचा दरवाजा ह्या कामापुरता बंद होता. सरकारी नोकर हा राजाच्या मर्जीवर असतो, ती मर्जी फिरली कीं नोकरी संपली, आणि त्याविरुद्ध फिर्याद चालत नाहीं, हें इंग्रजी कायद्याचें तत्त्व. १८९५ त प्रिव्ही कौन्सिलनें एका वसाहतीच्या खटल्यांत तें स्पष्ट बोलून दाखविलें. म्हणून १८८९ सालीं मामलेदारांचें कोर्ट म्हणजे वर्तमानपत्राचे रकाने, पुण्याची सभा आणि पार्लमेंटांतील प्रश्नोत्तरें; वकील म्हणजे टिळक.

हा दरवाजा पुढें इंचाइंचानें उघडला, आणि तो इतिहास मनोरंजक आहे. १९१९ च्या कायद्यानें मर्जीचें तत्त्व ठेवून तिला कांहीं नियमांची चौकट घातली. ती चौकट किती खरी, ह्याची परीक्षा १९३७ त दोन मद्रासी नोकरांच्या खटल्यांत झाली. व्यंकटराव हा सरकारी छापखान्यांतील नोकर. परीक्षेचे कागद फुटले त्या संबंधांत त्याला काढलें, आणि चौकशीचे नियम पाळले नाहींत. प्रिव्ही कौन्सिल म्हणालें : नियम पाळावयास हवे होते खरे, पण त्याची दाद वरिष्ठांकडे मागा, कोर्टाकडे नव्हे. दुसरा रंगाचारी हा पोलिस सब-इन्स्पेक्टर. ज्यानें नेमलें त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्यानें त्याला काढलें होतें. आणि तसें करूं नये हें खुद्द कायद्यांतच लिहिलेलें असल्यामुळें तो हुकूम रद्द ठरला. एकाच वर्षीं, एकाच न्यायासनापुढें, एकाला भिंत आढळली व दुसऱ्याला दार. मध्यंतरी १९३५ च्या कायद्यानें नोकराला आपलें म्हणणें मांडण्याची वाजवी संधि दिली पाहिजे असें घातलेंच होतें. त्या आधारावर १९४८ त लाल ह्या आय. सी. एस. अधिकाऱ्याची बडतर्फी प्रिव्ही कौन्सिलनें निरर्थक ठरविली, मात्र चढलेला पगार फिर्यादीनें मागतां येणार नाहीं असेंही सांगितलें. १९५० मध्यें हेंच संरक्षण राज्यघटनेच्या ३११ व्या कलमांत आलें.

परंतु ह्या कलमानें मामलेदारांच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, आणि येथेंच खरी मेख आहे. ३११ वें कलम नोकराचें रक्षण करतें. पण ज्याची नेमणूकच मुळांत सदोष आहे तो नोकर तरी म्हणावा काय? खोट्या जातीच्या दाखल्यावर मिळविलेली जागा ही कायद्याच्या दृष्टीनें जागाच नव्हे, म्हणून ती गेल्याबद्दल ह्या कलमाचा आश्रय घेतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं केरळांतील एका खटल्यांत ठरविलें. १८०९ च्या कायद्यांतील ‘अपात्र’ हा शब्द दोन शतकांनीं निराळ्या वेषांत परत आला असें म्हटलें तरी चालेल. दुसरीकडे, अशा मनुष्यानें मधल्या काळांत केलेल्या कामाचें काय, हाही जुना प्रश्न पुन्हा आला. आंध्र प्रदेशांतील कांहीं सेशन न्यायाधीशांच्या नेमणुका रद्द झाल्या, तेव्हां त्यांनीं शिक्षा दिलेले कैदी म्हणूं लागले कीं आमच्या शिक्षाही रद्द करा. १९८१ त सर्वोच्च न्यायालयानें ती मागणी फेटाळली. अधिकाराच्या पदावर उघडपणें बसून केलेलें काम लोकांच्या हितासाठीं टिकलें पाहिजे, असें सांगितलें. सहाव्या एडवर्डच्या कायद्यांतील ती शहाणपणाची तजवीजच ही.

‘अनियमित’ आणि ‘बेकायदेशीर’ ह्या दोन शब्दांत जो भेद हल्ली सरकारी कचेऱ्यांत प्रत्येकाच्या तोंडीं असतो, तो कर्नाटकांतील रोजंदारीच्या नोकरांच्या खटल्यांत १० एप्रिल २००६ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें पक्का केला. मंजूर जागेवर, पात्र माणसाची, पण रीतसर पद्धत न पाळतां झालेली नेमणूक ती अनियमित. असे लोक कोर्टाच्या हुकुमाच्या आश्रयाशिवाय दहा वर्षें राबले असतील तर सरकारनें एकदांच काय तें त्यांना कायम करण्याचा विचार करावा. बाकीच्यांना हक्क नाहीं. निकालाचा रोंख मागल्या दारानें आंत येणाऱ्यांवर होता, परंतु पुढें त्याचा उपयोग पुष्कळदां उलटाच झाला : सरकारनेंच वीस वीस वर्षें तात्पुरतें म्हणून राबवावयाचें, आणि हक्क मागतांच हा निकाल पुढें करावयाचा. केंद्रीय जल आयोगाच्या कचेरींतील झाडलोट व बागकाम करणाऱ्या नोकरांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें ह्या चलाखीवर कडक ताशेरे ओढून त्यांना पुन्हा घ्यावयास लावलें. हें फार आधीं व्हावयास हवें होतें.

महाराष्ट्रांत ह्या वादाचें सर्वांत मोठें प्रकरण विदर्भांतलें. कोष्टी समाजांतील अनेकांनीं हलबा ह्या आदिवासी जमातीचे दाखले घेऊन राखीव जागा मिळविल्या. हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असें नोव्हेंबर २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, पण जे प्रवेश व ज्या नेमणुका कायम होऊन चुकल्या होत्या त्यांना धक्का लावला नाहीं. ह्या सवलतीचा आधार घेऊन पुढें कितीएक वर्षें हजारो माणसें नोकरींत राहिलीं. ६ जुलै २०१७ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, राज्याचा २००१ चा कायदा स्पष्ट आहे, दाखला अवैध ठरला कीं जागा गेली, आणि हेतु शुद्ध होता कीं नाहीं हा प्रश्नच उरत नाहीं. सरकारपुढें पेंच पडला. २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयानें त्या नोकरांना अकरा महिन्यांसाठीं ‘अधिसंख्य’ पदांवर बसविण्यांत आलें, म्हणजे मूळ जागा खऱ्या आदिवासी उमेदवारासाठीं मोकळी, आणि जुना मनुष्यही घरीं नाहीं. लॉर्ड रेच्या काळची तडजोड आठवावी असाच हा तोडगा. मात्र एक फरक मोठा आहे : १८८९ त ज्याची जागा दुसऱ्यानें नेली त्याला कोणी विचारलें नाहीं; येथें त्या आदिवासी उमेदवाराचा हक्क हाच निकालाचा कणा होता.

बंगालच्या शिक्षकांच्या खटल्यांत तर पुण्याची ती विभागणीच पुन्हा न्यायालयापुढें उभी राहिली. २०१६ च्या भरतींत उत्तरपत्रिकांचे गुण बदलले गेले, क्रम डावलले गेले. एप्रिल २०२४ मध्यें कलकत्ता हायकोर्टानें २५,७५३ शिक्षक व शिक्षकेतर नोकरांच्या नेमणुका एका हुकुमानें रद्द केल्या. ३ एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय मुख्यतः कायम केला. दोषी कोण आणि निर्दोष कोण हें निवडण्याची खटपट झाली, पण मूळ उत्तरपत्रिकाच नष्ट झालेल्या, आणि लपवालपवी इतकी कीं सारी प्रक्रियाच नासली असें न्यायालयाला म्हणावें लागलें. पुण्यांत निदान मामलेदार स्वतः येऊन आपला पैसा मोजून दाखवीत होते. बंगालमध्यें खऱ्याखोट्याचा निवाडा करील असा कागदच उरला नव्हता. जे दोषी म्हणून निश्चित ठरले त्यांनीं पगार परत करावा असा हुकूम झाला. इतरांना तो परत करण्याची गरज ठेवली नाहीं, पण नोकरी त्यांचीही गेली. दोन आठवड्यांनीं, १७ एप्रिल रोजीं, शाळा ओस पडूं नयेत म्हणून ज्या शिक्षकांविरुद्ध कांहींच निघालें नव्हतें त्यांना वर्षअखेरपर्यंत शिकविण्याची परवानगी मिळाली, आणि तोंवर नवी भरती करण्यास सरकारला बजावण्यांत आलें. सप्टेंबर २०२५ मध्यें ती नवी परीक्षा झाली. जागा मिळवून वर्षानुवर्षें वर्गावर शिकविलेलीं माणसें, नुकत्याच पदवी घेतलेल्या उमेदवारांच्या शेजारच्या बांकांवर बसून, आपल्याच जागेसाठीं पुन्हा उत्तरें लिहीत होतीं.